आठ कलांचा फरक

२०२५चा जानेवारी. नातीची दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि त्यात केप्लरचे तीन नियम. तिन्ही तिला घडाघडा पाठ होते. एका दुपारी पुस्तक माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजी, ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते, ठीक आहे. पण खरंच एवढी चपटी असते?"

मी कॉमर्सची. अडतीस वर्षं बँकेत आकडे मांडण्यात गेली. ग्रहांशी माझा संबंध आला तो एवढाच, की लग्नाच्या वेळी माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि आईने दोन वर्षं त्याची धास्ती घेतली. तरी म्हटलं, काढूनच बघू. मंगळच घेऊ. त्याच्या कक्षेची विकेंद्रता ०.०९३. म्हणजे कक्षेची निम्मी लांबी १० सेंटिमीटर धरली, तर मध्यापासून दोन्हीकडे नऊ मिलिमीटरांहून जरा पुढे एकेक टाचणी टोचायची. दोन्ही टाचण्यांभोवती दोऱ्याचा फेरा टाकायचा, त्यात पेन्सिल अडकवून दोरा ताणत फिरवायची. त्यांतली एक टाचणी म्हणजे सूर्य.

जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, त्यावर ड्रॉइंग पेपर लावला. पहिल्यांदा दोरा निसटला. दुसऱ्यांदा गाठ सैल पडली. तिसऱ्यांदा पेन्सिल नीट फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. नात कागदाकडे बघत राहिली.

"आजी, हे तर वर्तुळच आहे!"

पट्टी लावली. आडवं बरोबर वीस सेंटिमीटर. उभं, वीसला जेमतेम एक मिलिमीटर कमी. बस, एवढंच. सूर्याची टाचणी मधून सरकलेली आहे हे डोळ्यांना लगेच दिसत होतं, पण आकाराचं चपटेपण म्हणाल तर वीस सेंटिमीटरांत एक मिलिमीटर, आणि त्यातही निम्मा वाटा माझ्या पेन्सिलीच्या बोथट टोकाचा.

"मग हे कुणाला कळलं तरी कसं? वर जाऊन तर कुणी पाहिलं नव्हतं."

तिची परीक्षा झाली, निकाल लागला, ती अकरावीला गेली. तिचा तो प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

त्या प्रश्नाकडे मी माझ्या वाटेने गेले, म्हणून आधी बँकेतली एक रात्र सांगते. मी नोकरीला लागले ती वर्षं कॉम्प्युटरच्या आधीची. बचत खात्यांची जाडजूड लेजरं, हाताने केलेल्या नोंदी, आणि ठरलेल्या दिवशी बॅलन्सिंग. म्हणजे सगळ्या खात्यांतल्या शिलकांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळली पाहिजे. एकदा ३६ पैशांचा फरक आला. शेकडो खात्यांत छत्तीस पैसे! बाहेर पाऊस, शेवटची एसटी निघायची वेळ. मी अकाउंटंट साहेबांना म्हटलं, "साहेब, सस्पेन्सला टाकू या का?" सस्पेन्स खातं म्हणजे न जुळणाऱ्या रकमा ठेवायची जागा. तिथे टाकलं की कागदावर मेळ बसतो.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "ताई, फरक लहान आहे म्हणून सोडू नका. लहान फरकाच्या पोटात दोन मोठे फरक बसलेले असू शकतात. एक जमेचा, एक नावेचा. एकमेकांना झाकून."

मग त्यांनी छत्तीसला नवाने भाग जातो हे दाखवलं. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडल्याचा संशय घ्यायचा, हे तेव्हाच्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक असायचं. रात्री सव्वानऊला सापडलं. व्याजाचे ५ रुपये ७३ पैसे कुणीतरी ५ रुपये ३७ पैसे लिहिले होते. ते कुणीतरी म्हणजे मीच. अक्षर माझं होतं.

केप्लरबद्दल वाचताना ती रात्र पुन्हा पुन्हा आठवली.

योहानस केप्लर जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट गावचा, जन्म २७ डिसेंबर १५७१. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे कायमचे अधू झाले आणि हातही नीट राहिले नाहीत. १५७७ साली मोठा धूमकेतू दिसला तेव्हा आई त्याला उंचावर घेऊन गेली आणि तो धूमकेतू दाखवला. पोराला सहावं वर्ष चालू होतं. ही आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. मला यात फार सुंदर वाटतं ते असं, की त्याच दिवसांत तिकडे डेन्मार्कमध्ये व्हेन नावाच्या बेटावर एक माणूस त्याच धूमकेतूची मोजमापं घेत होता. तो टायको ब्राहे.

टायको उमराव घराण्यातला. तरुणपणी तलवारीच्या द्वंद्वात नाकाचा तुकडा गेला, तिथे धातूचं नाक लावून तो हिंडायचा. राजाने त्याला अख्खं बेट दिलं आणि त्यावर त्याने उरानीबोर्ग ही वेधशाळा बांधली. दुर्बीण अजून यायची होती. नुसत्या डोळ्यांनी बघायचं आणि कोन मोजायचे. त्यासाठी त्याने भिंतीतच पितळेचा पाव वर्तुळाचा कंस बसवून घेतला, सुमारे दोन मीटर त्रिज्येचा. यंत्र जितकं मोठं, तितक्या त्यावरच्या खुणा बारीक पाडता येतात. वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्री ग्रहांच्या जागा टिपत राहिला. आणि त्या टिपणांत चूक साधारण एक-दोन कलांची.

कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपल्याकडे पंचांग करणाऱ्यांचा हा रोजचा शब्द. कलेचा साठावा भाग विकला. पौर्णिमेच्या चंद्राची थाळी रुंदीला साधारण तीस कलांची असते. टायकोच्या आधीच्या लोकांना दहा कलांपर्यंत जुळलं तरी पुष्कळ वाटायचं. कोपर्निकसलाही तेवढ्यात आनंद होता.

४ फेब्रुवारी १६०० रोजी प्रागजवळच्या बेनात्कीच्या किल्ल्यात हे दोघं भेटले. टायको तेव्हा सम्राट रुडॉल्फचा गणिती. केप्लर अठ्ठावीस वर्षांचा, ग्राट्सच्या शाळेत गणित शिकवणारा, आणि तिथल्या कॅथलिक राजवटीत प्रोटेस्टंट म्हणून पायाखालची जमीन सरकलेला. त्याला टायकोची टिपणं हवी होती. टायकोला ती कुणाच्या हातात द्यायची नव्हती. जेवताना सहज बोलता बोलता एखादा आकडा सांगायचा, तेवढंच. आमच्या बँकेतही असे काही जुने लोक होते, आपलं लेजर दुसऱ्याच्या हातात न देणारे. शेवटी टायकोने त्याला मंगळ दिला, कारण मंगळ कुणालाच आवरत नव्हता.

मंगळ मिळाला हे केप्लरचं भाग्य, आणि आपलंही. शुक्र मिळाला असता तर त्याची कक्षा वर्तुळाच्या इतकी जवळ आहे की त्यात काही सापडलंच नसतं. केप्लरने मोठ्या उमेदीने आठ दिवसांत उत्तर काढतो असं सांगितलं. त्याला पाच वर्षांहून जास्त लागली.

पावणेदोन वर्षांत टायको वारला, २४ ऑक्टोबर १६०१ला. शेवटच्या रात्री, आपलं जगणं व्यर्थ गेलं असं होऊ नये, असं तो पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, हे केप्लरनेच नोंदवलं आहे. मग वारसदार टिपणांवर हक्क सांगायला येण्याच्या आत केप्लरने ती ताब्यात घेतली. आपण ती जवळजवळ बळकावली, असं त्याने स्वतःच कबूल केलं. मी हिशेबाची बाई, मला हे आवडायला नको. पण ती टिपणं वारसांच्या कपाटात कुलूपबंद राहिली असती तर काय झालं असतं, याचा विचार मनात आला की मी त्याला माफ करून टाकते.

आता ते काम. मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो, रात्रभर दिसतो, त्याला प्रतियुती म्हणतात. साधारण सव्वीस महिन्यांनी येते. टायकोने १५८० ते १६०० या काळातल्या दहा प्रतियुती टिपल्या होत्या, पुढच्या दोन केप्लरने जोडल्या. त्यांतल्या चार निवडून त्याने एक वर्तुळ बसवायला घेतलं. वर्तुळाचा मध्य कुठे, सूर्य त्यापासून किती सरकलेला, आणि मंगळाचा वेग ज्या बिंदूपासून सारखा दिसतो तो बिंदू कुठे, हे सगळं अंदाजाने धरायचं, गणित करायचं, जुळलं नाही की थोडं सरकवायचं, पुन्हा पहिल्यापासून. गुणाकार सोपे करणारे लॉगरिदमसुद्धा नव्हते, त्यांवरचं नेपियरचं पुस्तक १६१४चं. सगळे गुणाकार-भागाकार हाताने. असं त्याने किमान सत्तर वेळा केलं. आपल्या पुस्तकात केप्लर वाचकाला सांगतो, की हा कंटाळवाणा भाग वाचून दमलात तर माझी कीव करा, मी हे सत्तर वेळा केलं आहे.

आणि जुळलं! बाराही प्रतियुती दोन कलांच्या आत जुळल्या. टायकोचे वेध जितके अचूक, तितकंच उत्तर अचूक. आमच्या भाषेत मेळ बसला. दुसरा कुणीही असता तर वही मिटून घरी गेला असता, आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती.

केप्लरने मात्र बसलेला मेळ दुसऱ्या बाजूने तपासून पाहिला. दिशा जुळल्या, पण अंतरं? मंगळ क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या, वर-खाली किती सरकतो यावरून सूर्याचं अंतर निराळ्या रीतीने काढता येतं. ते काढलं तर वर्तुळाचा मध्य भलतीकडेच निघाला. दिशा बरोबर येत होत्या त्या चुकीच्या अंतरांवरून. एक चूक दुसरीला झाकत होती. साहेबांचं वाक्य आठवलं का? एक जमेचा, एक नावेचा.

मग अंतरांना मानवेल असा मध्य घेऊन पुन्हा दिशा काढल्या. यावेळी काही ठिकाणी फरक आला. जास्तीत जास्त आठ कला.

आठ कला म्हणजे किती, हे नातीला दाखवायला मी मिसळणाच्या डब्यातून बारीक मोहरीचा एक दाणा घेतला. हात पूर्ण लांब करून दोन बोटांत तो धरला, की डोळ्याला जेवढा दिसतो तेवढ्या आठ कला. चंद्राच्या थाळीचा चौथा हिस्सा. सत्तर वेळा केलेलं गणित, एवढी मेहनत, आणि समोर राईएवढा फरक. राईचा पर्वत करू नये असं आपण म्हणतो.

केप्लरने केला. त्याने लिहिलं त्याचा आशय असा: देवाने आपल्याला टायकोसारखा काटेकोर निरीक्षक दिला, तर ती देणगी मानून चालायला हवं. या आठ कला दुर्लक्ष करण्यासारख्या असत्या तर मी आधीचं गणित थोडं डागडुजी करून वापरलं असतं. पण त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत, आणि या आठ कलांनीच सगळ्या ज्योतिर्विद्येच्या सुधारणेची वाट दाखवली. हे त्याच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या प्रकरणात आहे. मला हा सगळा परिच्छेद विज्ञानाच्या पुस्तकात नियमांच्या आधी छापलेला हवा आहे.

यात जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ते आकडे केप्लरचे नव्हते. त्याला स्वतःला आकाश धड दिसत नव्हतं. जो माणूस त्याच्याशी नीट वागला नाही, ज्याने टिपणं लपवून ठेवली, जो आता मेला होता, त्याच्या आकड्यांवर त्याने स्वतःच्या एवढ्या कामापेक्षा जास्त विश्वास टाकला. टायको चुकला असेल, असं म्हणायला कितीशी अडचण होती? विचारायला तो हयातही नव्हता. नोटा मोजणारा हात एकाचा आणि मेळ घालणारं डोकं दुसऱ्याचं, असं बँकेत रोज चालतं. त्या हातावर विश्वास नसेल तर दुपारी बारालाच बँक बंद करावी लागेल.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते, पण एक जागा सोडवत नाही. मंगळाची कक्षा काढायची तर आधी आपण ज्यावर उभे आहोत ती पृथ्वी कुठे आहे हे नक्की हवं. हलत्या नावेतून दुसरी हलती नाव मोजायची म्हटल्यासारखं. केप्लरने काय केलं? मंगळाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ६८७ दिवस लागतात. म्हणजे दर ६८७ दिवसांनी मंगळ त्याच जागी असतो, पृथ्वी मात्र वेगळ्या जागी. टायकोच्या टिपणांतून त्याने असे ६८७ दिवसांच्या अंतराचे वेध निवडले. मंगळ स्थिर खांब झाला, आणि त्या खांबावर उभं राहून त्याने पृथ्वीची वाट आखली. घरात बसून, अधू डोळ्यांनी, त्याने मंगळावरून पृथ्वी पाहिली. पुढे आइन्स्टाइननेही या युक्तीचं मनापासून कौतुक केलं.

मग वर्तुळ सोडून दिलं. हे लिहायला चार शब्द लागतात. दोन हजार वर्षं आकाशात वर्तुळाशिवाय दुसरं काही असू शकत नाही असं सगळे मानत आले होते, कोपर्निकससुद्धा. केप्लरने अंड्याचा आकार घेतला, एक टोक निमुळतं, एक रुंद. त्या अंड्याने त्याचं वर्ष खाल्लं. अंड्याचं गणित जमेना तेव्हा एका मित्राला पत्रात लिहिलं, की हे नुसतं लंबवर्तुळ असतं तर किती सोपं झालं असतं! उत्तर स्वतःच्या हाताने लिहून तो पुढे निघून गेला होता.

वर्तुळ जितकं जास्त रुंद पडत होतं, तितकंच अंडं अरुंद पडत होतं. म्हणजे खरं काहीतरी बरोबर मधे. वर्तुळापासून त्या मधल्या जागेपर्यंतच्या फटीची रुंदी निघाली ०.००४२९, कक्षेची त्रिज्या १ धरून. आणि एक दिवस, निराळ्याच कामात, ५ अंश १८ कला या कोनाचा सीकंट (त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर) कोष्टकात बघताना त्याला दिसलं १.००४२९. झोपेतून जाग आल्यासारखं झालं, असं तो लिहितो. लेजरमध्ये दिवसभर शोधत असलेला आकडा भलत्याच व्हाउचरवर दिसला की छातीत कसं होतं, ते मला माहीत आहे. त्या आकड्याचा धागा धरून, मधे पुन्हा एकदा वाट चुकून, १६०५मध्ये तो लंबवर्तुळाशी पोचला. आमच्या पुठ्ठ्यावरच्या, वीस सेंटिमीटरांत एक मिलिमीटर चपट्या त्या आकाराशी.

टायकोच्या वारसांशी भांडण मिटेपर्यंत छपाई अडली. १६०९ साली पुस्तक आलं. त्याच्या नावातच त्याने म्हटलं की ही नवी ज्योतिर्विद्या आहे, कारणांवर आधारलेली, आकाशाचं भौतिकशास्त्र. कारणांवर, हा शब्द तेव्हा नवा होता. ग्रह कुठे दिसेल एवढं सांगणं हे ज्योतिर्विदाचं काम, तो तसा का जातो हा त्याचा प्रश्नच नाही, असं तोवर मानलं जाई. केप्लर म्हणाला, सूर्यातून काहीतरी जोर येत असला पाहिजे. तो जोर चुंबकासारखा असेल असं त्याला वाटलं, ते चुकलं. पण त्याने लिहून ठेवलेले नियम १६८७मध्ये न्यूटनच्या हातात नेमक्या त्या जोराचं सूत्र ठरवायला आले.

त्याचा दुसरा नियम मला कॅलेंडरवर सापडला. ग्रह सूर्याजवळ असतो तेव्हा वेगाने जातो, लांब असतो तेव्हा सावकाश. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते. मग थंडीच्या बाजूची अर्धी फेरी लवकर संपायला हवी. नातीला म्हटलं, मोज. व्याजाचे दिवस मोजावेत तसे आम्ही मोजले. २१ मार्च ते २३ सप्टेंबर, १८६ दिवस. तिथून परत २१ मार्च, १७९ दिवस. सात दिवसांचा फरक भिंतीवर टांगलेला होता आणि मी अडतीस वर्षं त्याच कॅलेंडरवरून मुदत ठेवींचे दिवस मोजत आले होते. सूर्य सारख्या चालीने चालत नाही हे आपल्या जुन्या ज्योतिषांना अर्थातच ठाऊक होतं, त्यासाठीचा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, त्यांच्या गणितात आहे. तसा का चालत नाही, हे मात्र त्या टाचणीने सांगितलं.

गणित आणि आकाश यांच्यातला फरक हा आपल्याकडेही जिव्हाळ्याचा विषय होता. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी युरोपातल्या नव्या वेधांच्या आधारे मराठीत ग्रहसाधनाची कोष्टकं केली, कारण जुन्या ग्रंथांवरून केलेल्या पंचांगातले ग्रह आणि प्रत्यक्षातले ग्रह जुळेनासे झाले होते. त्यातून नवं पंचांग निघालं, वाद झाले. केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक, त्यांनाही हा प्रश्न सोडून देववेना. कोकणात टिळक पंचांग मानणाऱ्या काही घरी एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतात, तेव्हा शेजाऱ्यांना नवल वाटतं. त्यामागे हाच हट्ट आहे, लिहिलेलं आणि दिसणारं एक असावं हा.

केप्लरची आई. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मुलाला धूमकेतू दाखवणारी ती बाई, कॅथरिना, सत्तरीत असताना चेटकीण म्हणून खटल्यात ओढली गेली. १६१५मध्ये गावातल्या एका बाईने आरोप केला, मग एकेकाने आपापली दुखणी तिच्या नावावर टाकली. १६२०च्या ऑगस्टमध्ये तिला अटक झाली. चौदा महिने कोठडीत, साखळदंडात. युरोपभर नाव झालेला हा मुलगा हातचं काम टाकून गावी गेला आणि आईचा खटला त्याने स्वतः लढवला. साक्षी एकेक करून तपासल्या, कोण केव्हा आजारी पडलं, कोणी काय कधी सांगितलं, कुठली तारीख कुठल्या तारखेशी जुळत नाही, सगळं मांडलं. मंगळावर जी शिस्त वापरली तीच. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून धमकावलं. म्हातारी बधली नाही. म्हणाली, माझी एकेक शीर उपटून काढलीत तरी कबूल करायला माझ्याकडे काही नाही. १६२१च्या ऑक्टोबरमध्ये सुटली, आणि सहा महिन्यांत गेली. या सगळ्या धामधुमीच्या काळातच, १६१८मध्ये, त्याला तिसरा नियम सापडला. नातीच्या पुस्तकात तो एका ओळीत आहे.

१६२७मध्ये त्याने टायकोच्या वेधांवरून ग्रहांची कोष्टकं छापली. त्यांच्या आधारे सांगितलं की ७ नोव्हेंबर १६३१ला बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, सगळ्यांनी बघा. १५ नोव्हेंबर १६३०ला तो रेगेन्सबुर्गमध्ये वारला. थकलेले पैसे वसूल करायला गेला होता, आयुष्यभर त्याचा पगार थकतच आला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये गॅसेंडी नावाच्या अभ्यासकाने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली आणि त्यावर एक काळा ठिपका सरकताना पाहिला. इतका लहान की आधी त्याला तो डागच वाटला. केप्लरची कबर तोवर होती, पुढे युद्धात तीही नाहीशी झाली.

तोच बुध पुढे पुन्हा आडवा आला. न्यूटनचं गणित सगळीकडे लागू पडत होतं. १८४६मध्ये तर युरेनसच्या हिशेबातल्या फरकावरून लव्हेरिये या फ्रेंच गणितीने न पाहिलेला ग्रह कुठे असेल ते सांगितलं, आणि नेपच्यून तिथेच, एका अंशाच्या आत सापडला. बुधाची कक्षा मात्र जागच्या जागी हळूहळू फिरते, ती अपेक्षेहून शंभर वर्षांत ४३ विकला जास्त. विकला! केप्लरच्या आठ कलांचा अकरावा हिस्सा, आणि तोही साचायला शंभर वर्षं. सूर्याजवळ आणखी एक ग्रह लपला असेल म्हणून लोकांनी शोधला, त्याला नावही दिलं, तो नव्हताच. १९१५च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइनने आपल्या नव्या सिद्धांतावरून बुधाचं गणित केलं आणि उत्तरात ४३ विकला आल्या. पुढे काही दिवस तो आनंदाने वेडा झाला होता. आज फोनवर रस्ता दाखवणारे उपग्रह त्याच सिद्धांताने आपली घड्याळं दुरुस्त करून घेतात, दिवसाला सेकंदाचे अडतीस दशलक्षांश.

२४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान पोचलं, त्या सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. पृथ्वीवरून निघून ते एका लंबवर्तुळाच्या कडेने गेलं, एक टोक पृथ्वीच्या कक्षेला टेकलेलं, दुसरं मंगळाच्या. पोचल्यावरही मंगळाभोवती फिरलं ते लांबट लंबवर्तुळातच, जवळच्या टोकाला सव्वाचारशे किलोमीटर, लांबच्या टोकाला सत्याहत्तर हजार. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आईची फार आठवण आली होती.

मोहरीचा दाणा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो ती रात्र जानेवारीतलीच. मंगळ पूर्वेला वर आला होता, लालसर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. राशिभविष्यात वक्री मंगळ म्हणतात तो तेव्हा खरोखर वक्री चालत होता, आपली पृथ्वी आतल्या वाटेने त्याला ओलांडून पुढे जात असल्यामुळे. नातीने हात लांब करून दाणा मंगळावर धरला. एक डोळा मिटला. मंगळ दिसेनासा झाला. दाणा जरा सरकवला, पुन्हा दिसला. असं तिने बराच वेळ केलं.

तो ड्रॉइंग पेपर मी टाकला नाही. टाचण्यांची दोन भोकं आणि जवळजवळ वर्तुळ असलेली ती रेघ. मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पुनर्वसूचे दोन तारे काढले, आणि आभाळ मोकळं असेल त्या रात्री मंगळ कुठे दिसतो ते पेन्सिलने टिपायला लागलो. तारीख घालून. फेब्रुवारीच्या अखेरीस तो थांबला आणि उलट वळला, ते आमच्या ठिपक्यांतही दिसतं, थोडंसं वेडंवाकडं. परीक्षेच्या दिवसांत तिच्या वाटचे ठिपके मी टिपले. माझी बोटं आता थरथरतात, त्यामुळे दोन ठिपके खोडून पुन्हा काढावे लागले. खोडलेले तसेच ठेवले आहेत, शेजारी सही करून, बँकेत खाडाखोडीवर करायचो तशी.

पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७मध्ये आहे, मघा नक्षत्राच्या आसपास. तेव्हा तिची बारावी असेल. नवीन ड्रॉइंग पेपर तिने आताच आणून ठेवला आहे.